पुण्यात बसून युरोव्हिजन: पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. दर वर्षी मे महिन्यात होते. प्रत्येक देश एक नवंकोरं गाणं पाठवतो, गायक ते स्टेजवर प्रत्यक्ष गातात आणि ज्युरी व प्रेक्षक मिळून विजेता ठरवतात. पहिली स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झाली. तेव्हा सातच देश होते आणि यजमान स्वित्झर्लंडच जिंकला. अलीकडच्या वर्षांत पस्तीसच्या आसपास देश उतरतात. २०१५ पासून तर ऑस्ट्रेलियाही गातो.

भारत या स्पर्धेत नाही. त्यामुळे आपल्याकडे तिची ना पेपरात चर्चा, ना घरात. तरी हल्ली मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणारी, रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंचच्या वर्गाला जाणारी मुलं मला विचारतात: कुठे दिसतं, किती वाजता लागतं, आपल्याला मत देता येतं का? आणि हमखास एकजण विचारतो, आपला देशच नाही तर बघायचं कशासाठी? मला तर तेच सगळ्यात आवडतं. आपल्याला कुठल्या झेंड्याची बाजू घ्यायची नसते, हरायची धास्ती नसते. जे गाणं धरून ठेवेल ते आपलं. फक्त ते आपलं आपण ठरवायला हवं, निकाल लागायच्या आधी. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

काय काय जवळ असावं

- बरं इंटरनेट आणि पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन (हॉटस्पॉटसाठी)
- टीव्हीला जोडता येईल असा लॅपटॉप किंवा स्मार्ट टीव्ही
- आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, मत द्यायचं असेल तर
- कागद आणि पेन. फोनमधली नोंदवही नको, कारण सांगते पुढे
- रविवारची सकाळ मोकळी

१. मेची वाट बघू नका, मार्चमध्येच गाणी ऐका

नवीन माणूस थेट फायनल लावतो. ओळीने पंचवीस-सव्वीस अनोळखी गाणी, प्रत्येक जास्तीत जास्त तीन मिनिटांचं. दहाव्या गाण्यापर्यंत पहिलं विसरलेलं असतं आणि मग ज्याच्या स्टेजवर जास्त आग तेच लक्षात राहतं. असं करू नका.

मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्या देशांची गाणी जाहीर झालेली असतात आणि युरोव्हिजनच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर एकत्र ऐकायला मिळतात. दिवसाला तीन-चार ऐका. पहिल्यांदा चित्र न बघता, नुसतं कानाने. बसमध्ये, स्वयंपाक करताना, कसंही. दोन आठवड्यांनी कुठलं गाणं आपोआप ओठावर येतं ते बघा.

आणखी खोलात जायचं असेल तर देशोदेशीच्या निवड स्पर्धा बघा. इटलीचा सानरेमो महोत्सव १९५१ पासून चालू आहे, म्हणजे युरोव्हिजनपेक्षाही जुना. पाच रात्री चालतो आणि तिथे मध्यरात्र उलटून जाते, म्हणजे आपल्याकडे उजाडतं. इतकं जागरण करा असं मी सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी तुकडे जरूर बघा. सानरेमोच्या विजेत्याला युरोव्हिजनला जायचा पहिला मान असतो, सक्ती मात्र नसते. २०२५ साली विजेत्या ओलीने नकार दिला आणि लुचो कोर्सी गेला. स्वीडनचं मेलोदिफेस्टिव्हालेन फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवारी रात्री असतं. निर्मितीच्या दर्जाला त्याला तोड नाही.

२. जुनी सादरीकरणं बघून कान तयार करा

या पायरीवर वेळ काढा. मी तर म्हणेन, इथेच सगळ्यात जास्त.

सुरुवात १९७४ ची, इंग्लंडमधल्या ब्रायटनची. स्वीडनचा आबा हा गट तिथे जिंकला आणि जगभर पोचला. मग १९८८, डब्लिन. कॅनडाची सेलीन दिऑन स्वित्झर्लंडतर्फे गायली आणि एका गुणाने जिंकली. देशाचा गायक त्याच देशाचा असावा असा स्पर्धेचा नियम नाही, हे तिच्यामुळे पटकन लक्षात राहतं. १९९४ च्या डब्लिनमधलं मध्यंतर सोडू नका. गाणी संपल्यावर मतांची मोजणी होईपर्यंत सात मिनिटांचा आयरिश नाच ठेवला होता, तोच पुढे 'रिव्हरडान्स' म्हणून जगभर फिरला. २००६ साली अथेन्सला फिनलंडचे लोर्दी आले, राक्षसांचे मुखवटे आणि पंख लावून, हार्ड रॉक घेऊन. फिनलंड १९६१ पासून भाग घेत होता, पहिला विजय त्या मुखवट्यांनी मिळवून दिला.

शून्य गुण मिळालेलेही बघा. नॉर्वेच्या यान टायगनला १९७८ साली एकाही देशाने एकही गुण दिला नाही, आणि घरी मात्र तेच गाणं गाजलं. गुणतक्ता आणि गाणं यांत किती अंतर असू शकतं ते इथे कळतं.

आता २०१७ ची फायनल. ती कीव्हला होती. आमच्या घरी मी एकटीच जागी होते. पोर्तुगालची पाळी आली तेव्हा आई पाणी प्यायला उठली होती. साल्व्हादोर सोब्राल मोठ्या स्टेजवर गेलाच नाही, प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्या गोल मंचावर उभा राहिला. नर्तक नाहीत, आगीचे लोळ नाहीत. खांदे आक्रसलेले आणि बोटं हवेत काहीतरी चाचपत असल्यासारखी हलत होती. आई हातातलं भांडं तसंच धरून दारात थांबली. गाणं संपल्यावर म्हणाली, "कुठली गं भाषा ही? कळलं काही नाही, पण ह्याला पहिला नंबर द्या." पोर्तुगालने १९६४ पासून भाग घेतला होता आणि तोवर एकदाही बाजी मारली नव्हती. त्या रात्री ७५८ गुण मिळाले. गाणं लिहिणारी त्याची बहीण लुईझा. विजयानंतर त्याने तिला सोबत घेऊन ते पुन्हा गायलं. ते दुसऱ्यांदा गायलेलंही बघा. आई आजही त्याचं नाव विचारते.

२०२१ चं रॉटरडॅम माझ्यासाठी वेगळं आहे. २०२० ची स्पर्धा साथीमुळे रद्द झाली होती आणि त्या वर्षीची गाणी पुढच्या वर्षी चालणार नाहीत असा नियम लागला, त्यामुळे ती सगळी गाणी स्पर्धेविना राहिली. आइसलंडच्या दाडी फ्रेयरचं तर सगळ्यांच्या तोंडी होतं. मे २०२१ मध्ये पुण्यात दुसरी लाट होती. आम्ही मैत्रिणी आपापल्या घरात, फोनवर आवाज बंद ठेवून नुसत्या एकमेकींच्या सोबतीला. पडद्यावर रॉटरडॅमच्या सभागृहात साडेतीन हजार माणसं होती, चाचणी करून आत सोडलेली. इतकी माणसं एका छपराखाली ओरडताना दिसली तेव्हा आमच्यातली एकजण रडायलाच लागली. इटलीचा मोनेस्किन हा रॉक गट जिंकला. पहिल्या तीन गाण्यांत एकही इंग्रजी नव्हतं: एक इटालियन आणि दोन फ्रेंच. भाषा येत नाही म्हणून कचरणाऱ्यांना मी हेच वर्ष बघायला सांगते.

३. तारीख आणि वेळ आत्ताच लिहून ठेवा

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन सेमी-फायनल मंगळवारी आणि गुरुवारी, फायनल शनिवारी, मध्य युरोपातल्या रात्री नऊ वाजता. मेमध्ये ते आपल्या साडेतीन तास मागे असतात. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि तोवर तारीख बदललेली असते. शनिवारची फायनल आपल्याला शनिवारी जेवून, रात्र जागून, रविवार लागल्यावर बघायची. रविवारी रात्री लॅपटॉप उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तोवर विजेता आपल्या देशात परतायला निघालेला असतो.

यजमान शहर कुठलंही असो, वेळ बदलत नाही. २०१७ साली कीव्हला स्थानिक दहा वाजता सुरू झाली, २०२३ साली लिव्हरपूलला आठ वाजता, पुण्यात दोन्ही वेळा साडेबारालाच. सेमी-फायनल साधारण दोन-सव्वादोन तास चालते. फायनलचे चार तास धरा, म्हणजे पहाटेचे साडेचार.

हिंजवडीला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचं असेल तर दोन्ही सेमी-फायनल जागून बघायचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्डिंग बघा. मात्र दिवसभर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम उघडू नका. कोण पुढे गेलं ते व्हिडिओच्या चित्रावरूनच कळतं.

४. कुठे बघायचं

अधिकृत यूट्यूब चॅनलवर थेट प्रक्षेपण असतं. काही सहभागी देशांत ते बंद ठेवतात, कारण तिथे त्यांची स्वतःची वाहिनी असते. पैसे लागत नाहीत. "युरोव्हिजन लाइव्ह" शोधल्यावर खोटी प्रक्षेपणंही वर येतात, स्थिर चित्र लावून खाली भलतीच लिंक दिलेली. म्हणून चॅनल आधीच सबस्क्राइब करून ठेवा आणि तिथूनच आत जा. कार्ड क्रमांक मागणारी कुठलीही "मोफत" साइट लगेच बंद करा.

५. नियम, कामापुरते

गाणं तीन मिनिटांच्या आत. स्टेजवर एकावेळी सहापेक्षा जास्त माणसं नाहीत. मुख्य गायन प्रत्यक्ष, वाद्यं मात्र ध्वनिमुद्रित. भाषा कुठलीही, ही मोकळीक १९९९ पासून आहे. गायकाचं वय किमान सोळा. प्रत्येक सेमी-फायनलमधून दहा देश पुढे जातात. यजमान आणि सर्वाधिक आर्थिक वाटा उचलणारे मोठे देश थेट फायनलला असतात. हे मोठे देश पाच होते: ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन. इस्रायलच्या सहभागावरून झालेल्या वादात स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी २०२६ ला न येण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे मोठ्या पाचांतून स्पेन वजा होऊन त्या वर्षी चारच उरले. हा वाद तुमच्या कानावर येणारच. दोन्ही बाजू वाचा, घाईने मत बनवू नका.

६. स्वतःचे बारा गुण आधी लिहा

प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना १ ते ८, मग १० आणि १२ असे गुण देतो. ९ आणि ११ नाहीत. ही पद्धत १९७५ पासूनची. तुम्हीही अगदी तसंच करायचं.

कागदावर उभ्या रेघा मारा: देश, गाण्याची खूण ("पांढरा पियानो", "दोघी बहिणी" असं काहीही), आवाज, स्टेज, आणि शेवटचा रकाना "उद्या आठवेल का". शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रत्येक गाणं संपल्यावर लगेच भरा, पुढच्या गाण्याआधी जी ओळख-फीत लागते तेवढा वेळ पुरतो. फोनवर लिहू नका म्हटलं ते यासाठी, की फोन हातात आला की लोकांची मतं डोळ्यांसमोर येतात आणि मग स्वतःचं काय होतं ते उरत नाही.

सट्टेबाजांचे अंदाजही मार्चपासून सगळीकडे दिसतात. ते बघू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. बरेचदा बरोबर निघतात हे खरं. पण कोण जिंकणार हे ओळखण्यात आणि आपल्याला काय आवडलं हे ओळखण्यात फार फरक आहे, आणि दुसरं जास्त कठीण आहे.

शेवटचं गाणं झालं की सगळ्यांनी आपले बारा गुण मोठ्याने जाहीर करायचे आणि कागद उलटा ठेवायचा. नंतर खाडाखोड नाही.

७. मत द्यायचं असेल तर कार्डाची तयारी आधी

२०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येतं. या साऱ्या देशांची मतं एकत्र मोजून त्यांना एका देशाइतकंच वजन मिळतं. थोडं आहे, पण खरं आहे. मत विकत घ्यावं लागतं. एका कार्डावरून २०२५ पर्यंत वीस मतं देता येत होती, २०२६ साठी ती मर्यादा दहावर आणली गेली.

अडचणी नेहमीच्याच. आपल्याकडे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन "आंतरराष्ट्रीय" आणि "ऑनलाइन" हे दोन्ही पर्याय दिवसाउजेडी सुरू करा आणि मर्यादा हजार-दोन हजारच ठेवा. पहाटे तीन वाजता बँकेचा कोणी फोन उचलणार नाही. युरोमध्ये पैसे जातात, त्यावर बँक परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते. मत द्यायची लिंक स्पर्धेच्या अधिकृत साइटवरून किंवा ॲपमधूनच घ्या. मत देऊन झालं की परदेशी व्यवहार पुन्हा बंद करा.

८. रात्रीची सोय

मे महिना म्हणजे वळवाचे दिवस. संध्याकाळी वादळ झालं की कोथरूड काय, सिंहगड रस्ता काय, वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. लॅपटॉप आणि फोन दुपारीच पूर्ण चार्ज करा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम, नाहीतर हॉटस्पॉट आहेच.

चारजणांना बोलावणार असाल तर गेटवर वॉचमनकाकांना आधी नावं आणि गाड्यांचे नंबर देऊन ठेवा, साडेअकराला फोनाफोनी नको. पहाटे साडेचारला बस नसते, म्हणून येणाऱ्यांना सकाळपर्यंत थांबायलाच सांगा आणि गाद्या आधीच काढून ठेवा. रस्त्याकडेच्या खोलीत बसा, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून नको. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, खालच्या मजल्यावर सगळा ठेका पोचतो.

जेवणात आमरस-पुरी अजिबात नको, दीड वाजता सगळे आडवे होतात. हलकं जेवा. मधे तोंडात टाकायला भडंग, काकडी, कैरीची डाळ, आणि पन्ह्याचा मोठा तांब्या. चहा मतदान सुरू झाल्यावर करा, आधी नाही. खरी जाग तेव्हाच लागते.

९. निकाल कसा वाचायचा

आधी ज्युरी. प्रत्येक देशाचा निवेदक पडद्यावर येतो आणि फक्त बारा गुण कुणाला ते सांगतो, बाकीचे आकडे आपोआप चढतात. नव्या माणसाला वाटतं, झालं, ठरलं. नाही. प्रेक्षकांचे गुण अजून यायचे असतात आणि ते एकूण गुणांच्या निम्मे असतात. ज्युरीच्या यादीत तळाला असलेल्या देशापासून सुरुवात करून एकेकाचे प्रेक्षक-गुण एकदम जाहीर होतात. शेवटची पाच मिनिटं श्वास रोखून बसायची.

ज्युरी शनिवारचा कार्यक्रम बघून गुण देत नाही, हेही माहीत असू द्या. आदल्या रात्री पूर्ण रंगीत तालीम होते, तिच्यावर ते गुण देतात. त्यामुळे फायनलला कुणाचा आवाज चिरकला तरी ज्युरीच्या आकड्यात ते दिसत नाही.

२०२३ चं उदाहरण घ्या. स्वीडनच्या लोरीनला ज्युरीचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३, एकूण ५८३. फिनलंडच्या हिरव्या बाह्यांच्या क्यारियाला ज्युरीचे १५० आणि प्रेक्षकांचे ३७६, एकूण ५२६. सभागृह त्याच्या गाण्याच्या आरोळ्या देत होतं आणि तो दुसरा आला. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या निकालाला भरत नाट्य मंदिराच्या गर्दीत जो उभा राहिला आहे, त्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. लोरीन २०१२ लाही जिंकली होती. दोनदा जिंकणारी ती पहिलीच गायिका. गायक म्हणून दोनदा जिंकण्याचा मान तिच्याआधी एकट्या आयर्लंडच्या जॉनी लोगनला मिळाला होता, १९८० आणि १९८७ साली. माझे बारा त्या रात्री फिनलंडला होते आणि कागदावर अजून तसेच आहेत.

विजेता पुन्हा गातो ते बघितल्याशिवाय बंद करू नका. रडत, शब्द विसरत गातात बऱ्याचदा, आणि ते गाणं मूळ गाण्यापेक्षा जवळचं वाटतं.

१०. फायनलनंतर

रविवारी झोप झाल्यावर आपला कागद काढा आणि सेमी-फायनलमध्ये गळालेली गाणी ऐका. तुमचं खरं बारा गुणांचं गाणं तिथे असू शकतं. विजेत्यांची यादी सगळ्यांना सापडते, गळालेली गाणी स्वतः शोधावी लागतात. त्याच दिवशी नवीन प्लेलिस्टमध्ये टाका, नाहीतर राहून जातं.

सोबत हवी असेल तर ओजीएई या चाहत्यांच्या संघटनेची सहभागी नसलेल्या देशांसाठी वेगळी शाखा आहे, भारतातून सभासद होता येतं का ते त्यांच्या साइटवर बघा. प्रत्यक्ष जायची इच्छा असेल तर एवढं ध्यानात ठेवा: फायनलच्या तिकिटामागे धावण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या ज्युरी-तालमीचं तिकीट शोधा. कार्यक्रम जवळजवळ तोच, फक्त निकाल नसतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तिकिटं मिळाली की लगेच त्याला लागा. यजमान शहर ब्रिटनमध्ये असेल तर तो व्हिसा चालत नाही, वेगळा काढावा लागतो.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत १ सप्टेंबरनंतर प्रकाशित झालेलीच गाणी चालतात. गणपतीच्या दिवसांत कधीतरी युरोपात कुणीतरी ते गाणं रेकॉर्ड करत असतं. पहिल्या निवडी डिसेंबरात, सवाईच्या आगेमागे होतात. अल्बेनियाची बहुधा सगळ्यात आधी. तिथून सुरुवात करा.